धालो, देखणी, दुलपद आणि टँगो: क्लासिकल गिटार व एक घुमट यांची बांधणी कशी करावी?

सहावी_तार (फोंडा)

नमस्कार मंडळी. क्लासिकल गिटारसाठी सात-आठ मिनिटांची एक रचना बांधतोय. माल सगळा गोव्याचा: सुरुवातीला धालोच्या (बायकांच्या फेराच्या गाण्यांच्या) वळणाची संथ चाल, मध्ये देखणी या नाचगाण्याच्या अंगाची २/४ मधली धून आणि शेवट दुलपद या जलद गाण्याच्या ६/८ मध्ये. अंग मात्र टँगोचं हवं, म्हणजे तुटक खर्ज, ओढून आणलेली सम, ३-३-२ चा झोल. सोबतीला फक्त एक घुमट, म्हणजे एका तोंडावर कातडं ताणलेलं मातीचं मडकं.

अडतंय ते असं. घुमटाचा ठोका आणि गिटारचा खर्ज एकाच जागी पडतात आणि दोन्ही गढूळ होतात. देखणीतून दुलपदात जाताना लय तुटते. धालोच्या चालीखाली टँगोचे कॉर्ड ठेवले की चाल धालोची राहतच नाही. आणि गिटारच्या लाकडावरचे ठोके घुमटापुढे ऐकूच येत नाहीत.

कार्यक्रम श्रावणात आहे, दीडेकशे खुर्च्यांच्या एसी सभागृहात. गिटार सीडरची, ६५० मिमी स्केलची, पिकअप नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं. देव बरें करूं.

मिलोंगा_दोनचार

लय तुटते त्याचं आधी बघू, कारण ते सुटलं की बाकीचं निम्मं आपोआप मार्गी लागतं.

देखणीचा २/४ चा एक बार म्हणजे आठ सेमीक्वेव्हर, म्हणजे आठ लहान मात्रा. ते ३+३+२ असे मोडले की टँगोचं भावंड असलेल्या मिलोंगाचा साचा मिळतो. दुलपदाचा ६/८ चा बार म्हणजे सहा क्वेव्हर (इथली लहान मात्रा), ३+३. आता हे दोन शेजारी ठेवून बघा: मिलोंगाच्या बारमधला शेवटचा ‘२’ काढून टाकला की उरतं तेच दुलपद. जोड बाहेरून आणायची गरजच नाही, ती दोन्ही तालांच्या पोटातच आहे. अट एकच, सगळ्यात लहान मात्रा दोन्हीकडे सारखी धावली पाहिजे.

आकड्यांत सांगतो. दुलपदाला डॉटेड क्रॉचेट (तीन क्वेव्हरचा बीट) मिनिटाला ८४ धरा. त्याचे क्वेव्हर मिनिटाला २५२ होतात. देखणीतले सेमीक्वेव्हरही २५२ ठेवायचे, म्हणजे २/४ मध्ये क्रॉचेट (चार सेमीक्वेव्हरचा बीट) ६३. नाचाच्या देखणीला ही लय संथ वाटेल, पण अर्जेंटिनातल्या पांपाच्या मैदानातले गायक गिटारवर जी जुनी संथ मिलोंगा म्हणत, तिची चाल याच आसपासची आहे. म्हणून देखणी इथे ओढल्यासारखी वाटत नाही, फक्त जड पावलांनी चालते.

चुकतं कुठे? बहुतेक जण लहान मात्रेऐवजी बीट सारखा ठेवतात. मग डॉटेड क्रॉचेट ६३ वर येतो आणि दुलपद लंगडतं. वादकाला ते जाणवतं, तो वेग वाढवायला जातो आणि तुम्ही म्हणता ती लय तुटते.

सरावाला मेट्रोनोम १२६ वर लावा. टिचकी दर दोन लहान मात्रांना पडेल: आठच्या बारमध्ये चार टिचक्या, सहाच्या बारमध्ये तीन. दुलपदात त्या तीन टिचक्या ३+३ च्या आघातांशी तिरक्या पडतात. सुरुवातीला त्रास होतो, पण टिचकीला शरण जाऊन आघात हलवू नका. हा तिरकेपणा पुढे कामाला येतो. दुलपदाच्या शेवटच्या फेरीत चाल ३+३ मध्येच ठेवा आणि अंगठ्याने खर्ज तीन क्रॉचेटमध्ये वाजवा. अर्जेंटिनाच्या लोकसंगीतातल्या चाकारेरात ६/८ आणि ३/४ असेच एकमेकांवर स्वार असतात, त्यामुळे ती मांडणी दोन्ही घरांची वाटते.

संक्रमण एका बारमध्ये उरकू नका. आठचा, सहाचा, आठचा, सहाचा, मग सलग सहाचे. ऐकणाऱ्याला पायाखालची पायरी कुठे गेली ते कळायला एवढा अवकाश लागतोच.

घुमट_शामेळ (डिचोली)

वरची मांडणी योग्य आहे. आता घुमटाचं.

घुमटवादकाला तोंडी ‘टँगो वाजव’ सांगून काही होत नाही. त्याला आठ मात्रा मोजून द्या. टँगोच्या मुळाशी असलेल्या हाबानेरा तालाचे आघात १, ४, ५, ७ वर असतात. त्यातला ५ गाळला की १, ४, ७ उरतात, तीच मिलोंगा. हे आघात दोन वाद्यांत वाटून घ्यायचे:

घुमटाचा भरीव, पोकळीतून येणारा ठोका फक्त १ वर.
गिटारचा खर्ज ४ आणि ७ वर. १ वर गिटारने फक्त चालीचा स्वर वाजवावा, खर्ज नको.
५ वर घुमटाच्या कातड्याच्या काठावर बोटांचा हलका टपका.
८ रिकामी. तिथून गिटारची ओढ सुरू होते.

गढूळपणा येतो तो १ वर दोघांचा खर्ज एकत्र पडल्यामुळे. घुमटाचा नाद मातीच्या पोकळीतून येतो, तो लगेच विझत नाही, आणि गिटारची सहावी तार त्याच अंधाऱ्या पट्टीत बोलते. सूर जवळ असले तर गिटार बेसूर असल्याचा भास होतो. दोष तारेत नसतो.

यावर इलाज डाव्या हातात आहे. घुमटाचं मागचं तोंड तळव्याने जितकं झाकाल तितका पोकळीचा सूर खाली जातो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवून घ्या आणि वादकाने तोंड हळूहळू झाकत-उघडत ठोके द्यावेत. एका जागी दोन सूर एकमेकांना खातात, थोडं पुढे सरकलं की सुटे होतात. ती जागा हाताने लक्षात ठेवायची आणि संथ भागात तीच वापरायची. दुलपदात वेग असतो, तिथे हात मोकळा सोडला तरी चालतं.

आरतीच्या सवयीचा वादक शेवटाकडे लय चढवतोच, ते त्याच्या हातात मुरलेलं असतं. इथे ८४ वरून ९६ वर गेलात की गिटारवरची दुहेरी स्वरांची चाल फसते. आधीच बोलून ठेवा की चढ लयीचा नाही, भरणीचा घ्यायचा: प्रत्येक फेरीत टपके वाढवायचे, मात्रा तीच ठेवायची.

कातड्याबद्दल. घोरपडीचं कातडं वन्यजीव कायद्याने बंद आहे, आता बकऱ्याचं असतं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तोही या बदललेल्या रूपातच. बकऱ्याचं कातडं पावसाळ्यात लवकर सैल पडतं. श्रावणात उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा हेअर ड्रायर हातभर लांबून फिरवा, एका जागी धरू नका. आणि एसीत तासाभराने कातडं ताणून सूर वर चढतो, म्हणून मागच्या तोंडाची ती जागा सभागृहात पोचल्यावर पुन्हा शोधावी लागेल.

अनामिका_अपोयांदो

धालोच्या चालीबद्दल कळकळीने सांगतो: चालीला हात लावू नका. धालोची चाल चार-पाच स्वरांत फिरते. दोन ओळी समोरासमोर असतात, एका ओळीने म्हणायचं आणि दुसरीने झेलायचं. त्यावर नवव्याचे, अकराव्याचे कॉर्ड रचले की चालीचा अरुंदपणा जातो, आणि तोच तर तिचा जीव आहे. टँगो खाली खर्जात आणा.

डी मायनर घ्या, सहावी तार डी ला उतरवा आणि पूर्ण रचनाभर तशीच ठेवा. चाल डी ते ए या पाच स्वरांत बसवा: दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट, मग पहिली मोकळी, पहिला, तिसरा, पाचवा. खाली टँगोचा तो अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारा खर्ज: चौथी तार मोकळी डी, मग पाचव्या तारेवर चौथा फ्रेट सी शार्प, तिसरा सी, दुसरा बी, पहिला बी फ्लॅट आणि मोकळी ए. एवढा उतार झाला की पहिल्यांदाच सहावी मोकळी डी वाजवा. तोवर तिला हात लावू नका, नाहीतर ती येण्याचं महत्त्वच राहत नाही.

दोन जागा सांभाळा. चालीत कोमल निषाद, म्हणजे इथे सी, असेल तेव्हा खर्जात सी शार्प टाळा. डी वरून थेट सी वर या. चालीत कोमल धैवत स्पर्शून जात असेल तर खर्जातला शुद्ध बी गाळा. बाकी ठिकाणी जी कटुता येते ती हवीहवीशी आहे, ती मऊ करायला जाऊ नका.

बोटांची अडचण: पाचव्या तारेचा चौथा फ्रेट आणि दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट एकत्र आले की पंजा उलटा वळतो. तिथे चालीतला डी तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर घ्या. पहिलं बोट चौथ्यावर, चौथं सातव्यावर, हात सरळ राहतो. त्या तारेचा आवाजही दाट असतो, धालोला शोभतो. म्हणणारी ओळ फिंगरबोर्डच्या कडेशी मऊ वाजवा आणि झेलणारी ओळ ब्रिजच्या बाजूला सरकून. स्वर तेच, फक्त जागा बदला. समोरासमोरच्या दोन ओळी डोळ्यांपुढे येतात.

आता टँगोचं अंग कशात असतं ते. कॉर्डमध्ये कमी, स्वर किती लांब ठेवता यात जास्त. मार्कातोत, म्हणजे प्रत्येक बीट ठासून वाजवताना, खर्ज अंगठ्याच्या अपोयांदोने (तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवत) वाजवून अर्ध्या मात्रेत बंद करायचा. बंद करायला तळवा ठेवू नका, त्याने चालही मरते. अंगठाच परत त्या तारेवर टेकवा. लांब वाजणारा खर्ज राहिला तर कितीही ३-३-२ मोजा, ऐकणाऱ्याला टँगो वाटणार नाही. जुन्या टँगोतले गिटारवाले, रॉबेर्तो ग्रेलासारखे, पिकने वाजवत. तो टोकदार आघात नखाने आणायचा तर ब्रिजपासून चार-पाच सेंटीमीटरवर या आणि नखाचा कोन सरळ ठेवा.

आरास्त्रे, म्हणजे समेवर ओढून येणं: समजा सम सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटवरच्या ए वर आहे. आठव्या मात्रेवर चौथ्या फ्रेटवर हलकेच तार छेडा, बोट दाबातच सरकवा आणि सातव्यावर पोचताक्षणी अंगठ्याने पुन्हा पूर्ण जोराने वाजवा. नेहमीची गडबड अशी की माणूस आधी पोचतो आणि मग समेची वाट बघत थांबतो. मग ओढ न राहता नुसती घसरण होते. वेग शेवटच्या फ्रेटला वाढला पाहिजे. ज्या बारला आरास्त्रे आहे तिथे सम गिटारच्या खर्जाची आहे, म्हणून तेवढ्यापुरता घुमटाचा भरीव ठोका गाळावा. आणि हे चार-आठ बारमधून एकदाच करा. प्रत्येक समेला केलंत तर त्याची धार जाते.

लाकडावरच्या ठोक्यांबद्दल: घुमट असताना घुमटासारखे ठोके गिटारवर काढायचेच कशाला? त्याच्याकडे जे नाही ते काढा. घुमटासोबत काठ्यांनी वाजवतात त्या शामेळाचा करकरीत आवाज गिटारवर फार सुंदर येतो. सहावी तार नवव्या फ्रेटपाशी पाचव्या तारेवरून ओढून दोन्हींची तिढी धरा आणि तर्जनी-अंगठ्याने वाजवा. स्नेअरसारखी खरखर येते. डी ला उतरवलेली तार सैल असल्यामुळे तिढी सहज बसते, पण सोडताना ती धपकन आपटते, तेव्हा सोडण्याआधी उजव्या हाताने तारा दाबा. तिढीत शिरायला किमान एक क्रॉचेट मोकळा हवा. रचनेतच तो लिहून ठेवा.

सीडरच्या फळीवर नखाने गोल्पे (फ्लामेंकोतले ठोके) मारू नका, खड्डे पडतात. क्लासिकल गिटारला फ्लामेंकोसारखं संरक्षक पान नसतं, आणि नंतर चिकटवलेलं पान काढताना पॉलिश उचलतं. अंगठ्याच्या मांसल बाजूने ब्रिजवर किंवा डाव्या हाताने बाजूच्या फळीवर ठोका. लिहिलेली उदाहरणं हवी असतील तर टँगोचा संगीतकार पियाझोला याची बासरी-गिटारची टँगोच्या इतिहासावरची चार भागांची रचना उघडा. पहिल्याच भागात, १९०० च्या सुमाराचा जो आहे, गिटारच्या अंगावरचे ठोके स्वरलिपीत दिलेत. आणि त्याची १९८० ची एकट्या गिटारसाठीची पाच लहान पदं तर स्वरांची लांबी किती काटेकोर लिहावी याचा धडाच आहेत.

कुडतरीचा_सूर

गोव्याचाच मांडो हा संथ गीतप्रकार का नाही घेतला, असं विचारणार होतो. ज्यांना पुढे घ्यायचा असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: मांडोला चार बीटच्या मार्कातोत कोंबू नका. तो ६/४ चा आहे आणि त्याचं डोलणं त्या सहात आहे. टँगोच्या कुटुंबात टँगो, मिलोंगा आणि वाल्स अशी तीन भावंडं आहेत. मांडोचं नातं वाल्सशी जुळतं. ६/४ चा एक बार म्हणजे ३/४ चे दोन, पहिल्याला खर्ज, दुसऱ्याला फक्त वरचे दोन हलके कॉर्ड. दोन आवाजांतली तृतीया गिटारवर पहिल्या-दुसऱ्या तारेवर घ्यायला गेलात तर वेगात अडेल; तीच षष्ठी करून पहिल्या-तिसऱ्या तारेवर घ्या, मध्ये दुसरी तार मोकळी सुटते आणि हात सैल राहतो.

धालोबद्दल एक विनंती. पौषात मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागेवर, म्हटली जाणारी काही गीतं विधीची आहेत, मांड जागवण्याची आणि मोडण्याची. ती रंगमंचावर नेऊ नयेत. फेराच्या, थट्टेच्या, रोजच्या जगण्याच्या चाली भरपूर आहेत. ज्या गावची चाल घ्याल त्या गावचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापा आणि तिथल्या बायकांना विचारून घ्या.

सहावी_तार (फोंडा)

मंडळी, मनापासून आभार. विधीच्या गीतांचं पूर्ण मान्य, मी फेराचीच चाल धरलीय, गावात विचारूनच घेतली आहे आणि नाव छापणार आहे. घुमट १ वर, गिटार ४ आणि ७ वर ही वाटणी कागदावर आखली, आता कुठे नकाशा दिसायला लागला.

उरलेलं दोनच. शेवट कसा करावा? आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला नेमकं काय सांगावं?

मिलोंगा_दोनचार

शेवट टँगोचा ठेवा. दोन आघात: आधी ए सेव्हन, मग डी मायनर. पहिला भक्कम, दुसरा जवळजवळ विझलेला, दोन्ही तोकडे. घुमटाने पहिल्यावर पूर्ण ठोका द्यावा आणि दुसऱ्यावर हात कातड्यावर दाबून ठेवावा. दुसऱ्यावर घुमट वाजला तर तो आरतीचा शेवट होतो. त्याआधी दुलपदाचा शेवटचा बार पुन्हा आठचा करा. काढलेला ‘२’ परत आला की त्याच दोन मात्रांवर हे दोन आघात नेमके बसतात.

मिक्सर_मडगाव

ध्वनीचं. मडक्यासारख्या घुमटाला माइक देऊ नका, दीडशे खुर्च्यांना तो तसाच पुरतो. माइक फक्त गिटारला: लहान डायफ्रामचा कंडेन्सर, कार्डिऑइड (समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी पकडणारा), २५ ते ३० सेंटीमीटरवर, मान जिथे धडाला मिळते त्या बाराव्या फ्रेटच्या रोखाने. भोकासमोर ठेवलात तर शंभर हर्ट्झच्या आसपास गिटारच्या पोकळीचा घुमारा चढतो आणि जी च्या आसपासचे खर्ज बाकीच्यांपेक्षा मोठे ऐकू येतात. माइकची पाठ घुमटाकडे यावी अशी बैठक लावा, अंतर दीड-दोन मीटर.

सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याकडे ऑपरेटर सवयीने ८० किंवा १०० हर्ट्झखालचं सगळं कापतो. उतरवलेल्या सहाव्या तारेचा डी ७३ हर्ट्झवर आहे, म्हणजे ज्या स्वराची एवढी वाट बघायची तोच बारीक होऊन बसेल. कट ६० वर ठेवायला सांगा आणि साउंडचेकला तोच मोकळा डी वाजवून खात्री करा. शिट्टी येऊ लागली तर मॉनिटर बंद करा. दोघंच आहात, शेजारी बसून एकमेकांचं ऐकू येतं.

अनामिका_अपोयांदो

हवेचं राहिलं होतं. श्रावणात बाहेर दमटपणा ८५-९० टक्के आणि एसीत ५०-५५. गिटार पिशवीतून काढून थेट थंड हवेत ठेवली तर पाऊण तासभर सूर हलत राहतो. दोन तास आधी पोचा, पहिला अर्धा-पाऊण तास केस बंदच ठेवा, मग उघडून एसीच्या झोताबाहेर स्टँडवर. नायलॉन ओलावा पितो, म्हणून वरच्या तीन तारा कार्बनच्या लावल्यात तर सूर कमी सरकेल. त्यांचा आवाज थोडा उजळ असतो, टँगोला तो चालतो. खर्जाच्या तारा घासून गुळगुळीत केलेल्या मिळतात, त्या घ्या, आरास्त्रेतली किरकिर निम्मी होते. सगळ्या तारा आठवडाभर आधी बदला आणि सहावी त्या दिवसापासूनच डी वर ठेवा. रोज ई वरून डी वर आणलेली तार वाजवता वाजवता परत वर चढू बघते.

पावसाळ्यात फळी फुगून ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटवरची उंची, वाढते. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ४ मिमी आणि पहिलीखाली ३ मिमी आहे का पट्टीने मोजा. जास्त भरलं तर सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासायला घेऊ नका, पाऊस गेला की फळी बसते आणि मग तार खडखडते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. काटा ६० च्या खाली आला की चार-पाच दिवसांत फरक दिसेल. एवढं करूनही ॲक्शन उतरली नाही तर जाणत्या कारागिराकडून पावसाळ्यापुरतं वेगळं, जरा बुटकं सॅडल करून घ्या आणि मूळचं जपून ठेवा.